नळाशी एक, टाकीशी एक

"अण्णा, पाइप नेणार कुठून? मध्ये माईची कॉट आहे," लेक दारातून म्हणाली.

अण्णांनी पाइपाचं वेटोळं खांद्यावरून उतरवलं. माशांची टाकी बाहेरच्या खोलीत, अर्धी भिंत अडवून बसलेली, आणि पाइप बसेल असा नळ पार आत, न्हाणीघरात. मधल्या खोलीतून गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि मधल्या खोलीत आजारपणापासून ती अगडबंब कॉट आडवी पसरलेली.

"पांघरुणावरून नेऊ. तिला कुठे काय कळतंय," अण्णा बोलून गेले, आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

माईंना उशांच्या आधाराने बसवलं होतं. उघड्या दारातून टाकी त्यांच्या अगदी समोर येई. उजवं अंग गेलं, त्याच दिवशी वाचाही गेली. डावा हात चांगला आहे, असं डॉक्टर दर खेपेला सांगायचे. पण माईंनी तो वापरायचंच सोडून दिलं होतं. चमचा हातात दिला की तसाच राही. हाक मारली तरी मान वळत नसे. अण्णा रोज त्यांचे केस विंचरत, भरवत, दिवसभराचं सगळं सांगत, आणि भिंतीशी बोलल्यासारखं होई. कधी नव्हे ते त्यांना वाटे, एकदा तरी हिने आपल्यावर डाफरावं.

डाफरणं हा एके काळी माईंचा हक्कच होता, निदान पाणी बदलायच्या दिवशी. काचेवर त्यांनी दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या, खाली तांबडी, वर निळी. जुनं पाणी तांबडीपर्यंत काढायचं, नवं निळीपर्यंत भरायचं. सगळं पाणी एकदम बदललं तर मासे दगावतात. नळाशी अण्णा, टाकीशी माई. "अहो, पुरे!" ही आरोळी शेजारपाजारच्यांनाही पाठ होती. माई पडल्या आणि पाइपही अडगळीत पडला. एकट्या माणसाला नळ आणि टाकी दोन्हीकडे उभं राहता येत नाही. अण्णा बादल्या वाहायला लागले, आणि कंबरेने असहकार पुकारला. शेवटी लेकीने टाकी न्यायला एक माणूस ठरवला. तो आज संध्याकाळी येणार होता.

"आज पट्ट्याबिट्ट्या काही बघायच्या नाहीत," अण्णा म्हणाले. "तळापर्यंत काढू. पाणी उतरलं की मासे पकडायला सोपे."

त्यांनी नळ सोडून आधी पाइप भरून घेतला. टाकीतले बुडबुडे थांबल्याचं लेकीने सांगितलं, तसं नळावरचं टोक काढून मोरीत टाकलं. पाणी आपोआप ओढ घेऊन वाहू लागलं. ते वाहतं पाणी बघत अण्णा मोरीशी उभे राहिले. बाहेर जाऊन रिकामी होत चाललेली टाकी बघायची त्यांची छाती होईना.

बराच वेळ वाहून पाणी थांबलं.

"झाली का गं रिकामी?"

"छे! अजून कितीतरी आहे. कचरा अडकला असेल, फुंकून बघा."

अण्णांनी फुंकलं. पाइप ढिम्म. मग पाइप हाताने चाचपत ते मधल्या खोलीत आले आणि कॉटशी थबकले.

पाइप माईंच्या डाव्या मुठीत होता. दुमडून, घट्ट आवळून धरलेला. पेरं पांढरी पडली होती.

"अगं बाई, बोटं आखडली वाटतं!" लेक धावत आली. "थांबा, सोडवते."

"हात लावू नकोस," अण्णा म्हणाले.

माईंची नजर टाकीवर होती. अण्णांनी त्या नजरेच्या मागोमाग पाहिलं. पाणी तांबड्या पट्टीला टेकलं होतं. ना वर, ना खाली.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली काढून अण्णांनी नव्या पाण्यासाठी थेंब टाकीत सोडले.

"अण्णा, तो माणूस निघालाय तिकडून."

"येऊ दे. चहा पाजून परत पाठवू."

"आणि तुमची कंबर?"

"कंबर बादलीने जाते. पाइपाला फक्त दोन माणसं लागतात."

"एखाद्या वेळी आखडतात हो बोटं. उगाच आशा नका लावून घेऊ."

अण्णांना ते पटत होतं. तरीही ते कॉटशी वाकले. "सोड गं," ते म्हणाले. "नवं भरतो."

काही क्षण गेले. मग मूठ सैलावली. पाइप मात्र तळव्यातच राहिला.

"तू टाकीशी उभी राहा," त्यांनी लेकीला बजावलं. "पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खोली भरली तरी चालेल."

न्हाणीघरात जाऊन त्यांनी पाइप नळावर बसवला, तोटी सोडली आणि जुन्या सवयीने कान दाराकडे लावला. घरात पाण्याच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता. वेळ जाईना. एकदा त्यांचा हात तोटीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला.

आणि पाइप एकदम फुगला, फटकन नळावरून निसटला, आणि पाण्याचा झोत अण्णांच्या तोंडावर आला. चष्मा उडाला. सदरा छातीला चिकटला.

"अण्णा..." बाहेरून लेकीचा आवाज आला, रडवेला. "निळी."

अण्णा तोटी पिळायचंही विसरले होते. नखशिखांत भिजत ते आतूनच ओरडले, "ऐकलं गं, ऐकलं! बंद करतो!"