एकोणचाळीस ठिपके

चाळिसावा चेंडूही रिंगच्या पलीकडच्या काठावर आपटला आणि डावीकडे उडाला. तिथे उभ्या असलेल्या आर्व्हिन गॅडिसने तो झेलला आणि उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या मुलाकडे परत फेकला. झेलायला त्याला जागचं हलावंही लागलं नाही.

"कोपर आत, टेव्हिन," तो म्हणाला. चौदा वर्षं तो हेच म्हणत आला होता.

बाकावर बसलेल्या वॉल्टर प्रुइटने वहीत ठिपका काढला. व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी कॉलेजातले खेळाडू पारखणं हा त्याचा तेवीस वर्षांचा धंदा, आणि पारखायची रीत त्याची स्वतःची. जाळीत गेलेला चेंडू आंधळ्यालाही कळतो; प्रुइट बघायचा तो चुकलेला. कागदावर रिंगचं वर्तुळ काढायचं आणि चेंडू जिथे आपटला तिथे ठिपका द्यायचा. हात कच्चा असेल तर ठिपके वर्तुळभर पसरतात. माणसं थापा मारतात, ठिपके मारत नाहीत, असं तो सगळ्यांना सांगायचा. आजवर त्याने एकही ठिपका इकडचा तिकडे केला नव्हता.

सकाळीच फोनवर संघाच्या हॅन्लीसाहेबाने सुनावलं होतं, "यंदा एक तरी हिरा आण प्रुइट, नाहीतर बॅग जमा करून घरी बस." खेळाडूंची निवड आठ दिवसांवर आली होती. आणि हा गॅडिसचा पोरगा, ज्याला हिवाळाभर सगळ्या इंडियाना राज्याने डोक्यावर घेतलं होतं, तो चाचण्यांमध्ये साफ माती खात होता. चार संघ येऊन नाक मुरडून गेले होते. पाचवा आणि शेवटचा प्रुइट.

पन्नास चेंडू झाले. अकरा आत, एकोणचाळीस बाहेर.

"बुटांचा घोळ आहे," आर्व्हिन म्हणाला. "नवे आहेत, चावतात त्याला. जुने गाडीत पडलेत. आलोच." तो घाईने बाहेर गेला.

प्रुइटने बोटाने पोराला जवळ बोलावलं आणि वही त्याच्यापुढे धरली. पंधराव्या चेंडूलाच त्याला शंका आली होती, आता खात्री होती. वर्तुळावर एकोणचाळीस ठिपके दिसतच नव्हते. दिसत होता एकच, काळाकुट्ट. एकावर एक पडून कागद फाटायला आला होता.

"चुकवायचंच तर नीट चुकवावं, पोरा," प्रुइट म्हणाला. "एक डावीकडे, एक उजवीकडे. मोजून एकाच जागी चुकवणारा हात मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

टेव्हिनचा चेहरा उतरला. त्याने दाराकडे पाहिलं. "बाबांना सांगू नका, सर."

"सांगायचं कशाला? हे पान हॅन्लीने बघितलं की तुझं नाव पुकारलंच समज."

पोरगा तिथेच लाकडी जमिनीवर बसला. सहा फूट सात इंचांचा देह, पण बसला तो मार खाल्लेल्या मुलासारखा. "म्हणजे आत टाकला तरी अडकलो आणि बाहेर टाकला तरी अडकलोच," तो म्हणाला. "सहा वर्षांचा होतो तेव्हापासून रोज पाचशे चेंडू, न्याहारीच्या आधी. मला नाही हो खेळायचं. कॉलेज पुरं करून इथेच शाळेत गणित शिकवायचंय."

"मग बापाला सांग तसं."

"कुठल्या तोंडाने सांगू? माझ्यापायी दोनदा नोकरी सोडली त्यांनी. चर्चमधल्या बायकांनी निवडीच्या दिवसाचा केकसुद्धा सांगून ठेवलाय. कोणी घेतलंच नाही तर सुटेन, एवढंच डोक्यात होतं."

प्रुइटला त्याचा राग आला, आणि दयाही आली. तेवीस वर्षं हमरस्त्यांवरच्या मोटेलांत शिळी कॉफी पिऊन तो याच हाताची वाट बघत होता. हे एक पान दिलं की म्हातारपणाची काळजी मिटत होती. त्याने पानाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग पान फाडून खिशात घातलं, कोऱ्या पानावर नवं वर्तुळ काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटे ठिपके द्यायला सुरुवात केली. इथे एक, तिथे दोन, खाली तीन. खाली त्याने लिहिलं, 'हात कच्चा. घेऊ नये.' बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला तेव्हा तो शेवटचा शब्द लिहीत होता.

आर्व्हिन जुने बूट घेऊन आला. "घाल हे. अजून पन्नास होऊन जाऊ देत."

"नको," प्रुइट म्हणाला. "मला बघायचं ते मी बघितलं."

"काय बघितलंत? दाखवा तरी." त्याने हात पुढे केला.

नाही म्हटलं तर संशय येणार. प्रुइटने वही दिली. आर्व्हिनने चष्मा लावला आणि पान पाहिलं. खालची ओळ वाचली, पुन्हा वर्तुळ पाहिलं. टेव्हिन बुटांच्या नाड्यांशी चाळा करत होता, मान वर न करता.

"माझा पोरगा असा चुकत नाही," आर्व्हिन शेवटी म्हणाला. "चौदा वर्षं त्याचे चेंडू मी झेलतोय, प्रुइटसाहेब. आज तर मला पाऊलही उचलावं लागलं नाही."

प्रुइटचा हात खिशातल्या पानाकडे गेला.

"पेन्सिल द्या."

प्रुइटने दिली.

"चुकलेले एकोणचाळीस होते. तुम्ही सदतीसच काढलेत," आर्व्हिन म्हणाला, आणि वही गुडघ्यावर टेकवून त्याने उरलेले दोन ठिपके स्वतः काढले, एक डावीकडे, एक उजवीकडे.