सुटलेला मासा

"लागलं का काही?" अच्युतरावांनी पलीकडच्या खडकावरून ओरडून विचारलं.

मानस डोहाच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभा होता. मासे पकडायचा रॉड त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता. याच एका प्रश्नावर आपलं लग्न अडलंय, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

"बाबांची हां झाली तरच," असं कस्तुरीने साफ सांगितलं होतं. आणि बाबांनी त्याला बोलावलं ते थेट मानपुरच्या पुढे, नदीवर. तुकोगंजच्या घरी पोहे खाताना सगळेच सज्जन दिसतात, असं अच्युतरावांचं ठाम मत होतं.

मानसच्या दोरीला त्यांनी आपला लाडका स्ट्रीमर बांधला होता. पिसांचा बोटभर नकली मासा. डोक्याशी पितळी मणी, म्हणजे वजनाने तो खोल जावा, मोठे मासे असतात तिथे. पिसांत गळही होता, फक्त त्याचं टोक अच्युतरावांनी पक्कडीने तोडून टाकलं होतं. अशा गळाला मासा लागणार कसा? गेल्या वर्षी कस्तुरीने पसंत केलेल्या सुजय नावाच्या मुलाने इथेच, याच बिनटोकाच्या गळावर, दोन्ही हात फाकून सांगितलं होतं, "एवढा होता काका, सुटला!" परतताना गाडीतच त्याला नकार मिळाला. थापाड्या जावई कोणाला हवा? कस्तुरी चार दिवस नीट जेवली नाही, पण बाबांचं तिला पटलं.

"नाही काका," मानस म्हणाला. "काहीच नाही लागलं."

अच्युतराव खडकावरून जवळजवळ नाचतच उतरले. "वा भिया! अरे, गळाला टोकच नव्हतं! परीक्षा होती तुझी. सच्चा निकलास तू, बस!"

घर येईपर्यंत त्यांनी लग्नाचा हॉलसुद्धा ठरवून टाकला.

संध्याकाळी कस्तुरी मानसला गच्चीवर घेऊन गेली. "मला मालूम होतं टोकाचं," ती हसत म्हणाली. "जानबूझकर नाही सांगितलं. मलाही बघायचं होतं ना, तू खरं बोलतो का ते."

मानसचा चेहरा उतरला.

"कस्तुरी, मासा आला होता गं. असला दणकून ओढला की रॉड वाकला, मी पडतापडता वाचलो. मग सोडून दिलं त्याने. काकांना सकाळपासून एकही मिळाला नव्हता. म्हटलं, सासऱ्याच्या वरचढ कशाला व्हायचं?"

"पण टोक नसताना?"

"तोंडात घट्ट धरून ठेवला असेल. मला काय माहीत!"

खाली बाबा फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, जावई हिरा मिळाला. कस्तुरी कठड्याला टेकली. तिचं हसू कुठल्याकुठे गेलं होतं.

"म्हणजे सुजय खरंच बोलत होता," ती म्हणाली.