सातवा टेक

चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं कॅमेरा सरकवायचा सराव करायचा होता आणि कॉलेजची ट्रॉली सीनियर्सनी दाबून ठेवलेली. म्हणून शेजारच्या मनकर्णाकाकूंकडून त्यांच्या नवऱ्याची, काकासाहेबांची व्हीलचेअर तासाभरासाठी मागून आणली. कॅमेरा धरून मैत्रीण खुर्चीत बसली, मी मागून ढकलत राहिले. मुकुंदवाडीच्या खड्ड्यांतून सहाव्या टेकला शॉट जमला.

पाच वाजता खुर्ची परत द्यायला गेले तर काकासाहेब आतून ओरडत होते, "आली का खुर्ची? चौकात सगळे जमले असतील!"

काकूंनी दारातच खुर्ची अडवली.

"माझी माय गेली तवा ह्यांची जीप अशीच दारात उभी व्हती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाया पडले ह्यांच्या. तर म्हणले, 'जीप मोकळी नाय, उद्या बघू.' मायचं तोंडबी दिसलं नाय मला."

"काकू, आमचा शॉट झालाय पण..."

"अजून एकदा काढ." त्यांनी खुर्ची माझ्याकडं ढकलली आणि आत तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं,

"खुर्ची मोकळी नाय. उद्या बघू!"