घरटी एक माणूस

तलासरीजवळच्या पाड्यावरचा नविन कॅनडात बारा ट्रकांचा मालक झाला आणि फोनवर त्याचं एकच पालुपद सुरू झालं. त्या सकाळीही त्याची आई, बारकी, मोर्च्याला न्यायची भाकर फडक्यात बांधत होती आणि कणगीला टेकवलेल्या फोनमधून तो बोलत होता.

"आये, सोड तो लाल बावटा. सरकारपुढं हात पसरून कोणी मोठा होत नाही. इथं ज्यानं त्यानं आपल्या हिमतीवर कमवायचं, म्हणून तर हा देश पुढं गेला."

बारकीने भाकरीवर चटणीचा गोळा ठेवला. मोर्च्याला घरटी एक माणूस जायचा, आणि आता घरात तीच एक उरली होती. दवाखान्यात बाळंतपणाला डॉक्टर असावा, एवढीच मागणी होती. गेल्या आषाढात तिची लेक संगिता सिल्वासाच्या मोठ्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेली, पोटातल्या बाळासकट.

"सुनेचे दिवस भरत आले ना रे? दवाखान्याचा खर्च लई येईल. बकऱ्या विकू का?"

नविन हसला. "येडी का तू? इथं बाळंतपणाला एक पैसा लागत नाही. डॉक्टर, खाट, सगळं सरकार बघतं."

बारकीने फडक्याची गाठ आवळली, कोपऱ्यातला बावटा खांद्यावर घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं,

 

"तिथं मोर्च्याला कोण गेलं होतं रे?"