डावीकडून

जमिनीवर नकाशा पसरून मैथिली राष्ट्रीय उद्यानातल्या घळीची वाट आखत होती. गेल्या हिवाळ्यातच तिने आणि नवऱ्याने, शार्दूलने, जायचं ठरलं होतं, पण सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं आणि ती दवाखान्यात थांबली. "तुझ्याशिवाय मीही जाणार नाही," असं म्हणून शार्दूल ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेला होता.

"हा कडा दोराने उतरू," ती म्हणाली.

"तिथे नको. कातळ शेवाळलाय, पाय ठरत नाही. आम्ही डावीकडून..." शार्दूल थबकला.

"आम्ही?"

त्याने नकाशाची घडी उगाच सारखी केली. "ट्रेकिंगच्या ग्रुपला अचानक उद्यानाची परवानगी मिळाली गं. सांगितलं असतं, तर तू उगाच हिरमुसली असतीस."

"पाणी कसं होतं?" तिने शांतपणे विचारलं.

राग टळला असं वाटून तो सांगू लागला. छातीपर्यंतचं हिरवं पाणी, वरून उतरणारी उन्हाची तिरीप. बोलताना त्याचे डोळे चमकत होते.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस दवाखान्यातून त्याचा फोन लागत नव्हता. "मीटिंगमध्ये असेल," असं सांगून तिनेच काळजीत पडलेल्या सासऱ्यांना समजावलं होतं.

"या वेळी बाबांजवळ तू थांब," ती म्हणाली. "मी जाणार आहे."