ओला कोपरा

मी फौजेत, पठाणकोटला. माधवनगरातली माझी एकदारी खोली सांभाळायला अर्जुना ठेवला होता. चार वर्षं त्याचं एकच पत्र यायचं: भाडेकरू टिकत न्हाई, खोली बंद हाय. तो आपलीच माणसं आत ठेवतोय, याची मला खात्री होती.

चौऱ्याहत्तरच्या रजेत भर दुपारी त्याच्या दारात जाऊन किल्ली मागितली. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यानं मुकाट किल्ली हातात ठेवली.

"आत कोण राहतं रं?"

"कोण न्हाई, सुभेदार. लय बरं झालं आलासा. आता तुमचं तुमी बघा."

ब्याद इतक्या सहज टळली म्हणून मी शीळ घालतच खोलीवर गेलो.

कुलूप गंजून धरलं होतं. तेल सोडून, दगडानं ठोकून उघडलं. म्हणजे अर्जुना खरंच बोलत होता. आत माणूस नाही, भांडं नाही. जीव हलका झाला.

मग खाली बघितलं. जमीन ताजी सारवलेली होती.

सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून मागं सरकत दाराशी येते आणि बाहेर पडते. इथं उंबऱ्याजवळचं सारवण वाळत आलं होतं. बोटांच्या रेघा आत आत गेल्या होत्या आणि पलीकडचा कोपरा अजून ओला होता.