महालक्ष्म्यांपुढचं इंजिन

इंजिन जागचं हललं नाही. वैजिनाथअप्पांनी बटण डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, वायर उपसून पुन्हा खोचली. महालक्ष्म्यांभोवती रूळ गोल मांडले होते आणि त्यावर ते निळं इंजिन रुसलेल्या जावयासारखं ढिम्म बसून होतं.

"ह्याला चिमणी न्हाई, किल्ली न्हाई. तोंड कुठलं अन् शेपूट कुठलं तेबी कळंना. हे इंजिन हाय का बिस्किटाचा डबा?"

"तुमच्या लेकानं धाडलंय. त्यालाच इचारा," स्वयंपाकघरातून शांतादेवी म्हणाल्या.

लेक म्हणजे मृत्युंजय. तो हैदराबादला कुठल्याशा परदेशी कंपनीत लागला, तेव्हा अप्पांनी त्याला निघताना सांगितलं होतं, की दुकानात बसायचं नसेल तर ह्या घराची पायरी चढू नकोस. पोरगं बापाच्याच वळणावर गेलेलं, त्याने ते तंतोतंत पाळलं. फोन यायचे, पार्सलं यायची, तो यायचा नाही. यंदा महालक्ष्म्यांनाही आला नाही. दरवर्षी त्यांच्यापुढे किल्लीची आगगाडी फिरायची आणि अर्धं घाटनांदूर ती बघायला यायचं, म्हणून त्याने हे विजेवरचं विलायती इंजिन ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिलं होतं. शांतादेवींचं म्हणणं एवढंच, की तुम्ही एकदा त्याला बोलवा. अप्पा म्हणायचे, मी बोलवायचो नाही. एकदा नको म्हटलेल्या पोराला पुन्हा ये कसं म्हणायचं, हे त्यांना खरोखरच येत नव्हतं.

"लाइट गेली असंल," अप्पा म्हणाले.

"डोक्यावर पंखा फिरतोय."

"मग मालच खोटा. सरकारनं दारं उघडली अन् हा असला कचरा आत आला. नुसता भपका!"

वास्तविक इंजिनाच्या सरबराईत अप्पांनी काही कमी ठेवलं नव्हतं. नवी गाडी दारात आली की करतात तशी सकाळीच त्याची पूजा झाली होती. कपाळावर, म्हणजे अंदाजाने पुढच्या बाजूला, विभूतीची तीन बोटं ओढली होती. लिंबू चाकापेक्षा मोठं निघालं, म्हणून त्याच्या फोडी रुळावर ठेवून इंजिन हाताने त्यांवरून रेटलं होतं. नारळाचं पाणी शिंपडलं होतं. जुन्या किल्लीच्या गाडीला द्यायचे तसं दुकानातलं करडईचं तेलही चाकांना सढळ हाताने सोडलं होतं. इतकं करून ते हलायला तयार नाही म्हटल्यावर माणसाचं डोकं फिरणारच.

शांतादेवी ओलं फडकं घेऊन बाहेर आल्या. "बाया येतील आता हळदी-कुंकवाला. देवीच्या म्होरं हा राडा कुणी बघायचा?"

"अगं, पूजेचं पुसतीस व्हय?"

"पूजा झाली की सकाळीच. आता मुंग्या व्हायल्यात."

त्यांनी रूळ पुसले. इंजिन उलटं करून भांडं घासावं तशी चाकं घासली, कोरड्या फडक्याने टिपली आणि ते परत रुळावर ठेवलं. बटण चालूच राहिलं होतं. इंजिन त्यांच्या हातातून निसटल्यासारखं निघालं.

पुढचा दिवा लागला. फराळाच्या ताटांना वळसा घालून, महालक्ष्म्यांच्या मागे जाऊन ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. ना धूर, ना खडखड, नुसती बारीक गुणगुण. अप्पा हळूच खाली बसले आणि त्याच्याबरोबर मान फिरवू लागले.

"चाललं की गं," ते म्हणाले.

त्यांना फार बरं वाटलं आणि पाठोपाठ चिडचिड झाली. इंजिन चाललं म्हणजे पोराचं काम संपलं. आता तो दिवाळीला दुसरं काहीतरी धाडून देईल.

तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी बसल्या जागेवरून रिसीव्हर ओढला.

"अप्पा, चाललं का इंजिन?"

अप्पांनी समोरून येणाऱ्या इंजिनाकडे बघितलं. वाकून त्यांनी ते रुळावरून उचललं. दिवा विझला, गुणगुण थांबली. हाताला ते गरम लागत होतं.

"न्हाई चालत."

"असं कसं? रुळावर काई सांडलं न्हाई ना? तेल-बिल?"

"काई सांडलं न्हाई."

"मग चालायला पायजे अप्पा. नवं कोरं हाय ते."

"मग मी खोटं बोलतो का बे?"

मृत्युंजय जपून म्हणाला, "अंबाजोगाईला एखांदा रेडिओवाला असंल. त्याला दाखवा."

"मी कुणाला दाखवणार न्हाई. तू धाडलंय, तूच नीट करायचं. उद्या विसर्जन हाय. त्याच्या आत ते फिरलं पायजे."

"उद्या? म्हंजी मी..."

"म्हंजी काय म्हंजी! रातच्या गाडीत बस."

अप्पांनी रिसीव्हर आदळला. शांतादेवी फडकं हातात धरून तशाच उभ्या होत्या. भिंतीपाशी जाऊन त्यांनी वायर उपसली, गुंडाळली आणि महालक्ष्म्यांच्या मागे सरकवली.

दारात बांगड्या वाजल्या. शेजारच्या वत्सलाबाई सुनांना घेऊन आत आल्या आणि रिकाम्या रुळांकडे बघत उभ्या राहिल्या.

"अगं बाई! आवंदा आगगाडी कावून बंद?"

शांतादेवींनी कुंकवाचा करंडा उचलला.

"लई बिघडलीय," त्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "पोरगा येतोय नीट करायला."